वहीत न लिहिलेले क्षेत्र

अक्कलकोटच्या शिवारात नांगराच्या फाळाला जो काळा दगड लागतो, तो निव्वळ दगड नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. ते निवत असताना त्यांतल्या लोहयुक्त कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जशीच्या तशी धरून ठेवली. १९५० च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी, आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दगडांचे चुंबकत्व मोजले. खालच्या अनेक थरांतले चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे निघाले. पृथ्वीचे ध्रुव पूर्वी उलटेसुलटे झाले होते, याची साक्ष आपल्या पायाखाली पडून आहे. याचा एक साधा व्यावहारिक परिणाम असा, की बेसाल्टच्या उघड्या कड्याला लागून होकायंत्र धरले तर सुई थोडी भरकटू शकते. एकाच गावात विहिरीच्या काठावरचे क्षेत्र आणि माळावरचे क्षेत्र तंतोतंत सारखे असेलच असे नाही. ही गोष्ट भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवशास्त्रातला एक मोठा वाद नेमका इथेच ठेचकाळला. ज्या जागेवर प्रयोग झाला त्या जागेचे चुंबकीय क्षेत्र किती होते, हे कुणी वहीत लिहिलेच नव्हते.

वादाचा विषय होता प्राण्यांच्या ऊतींमधून होणारे आयनांचे वहन. जिवंत पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे आयन आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतात. पेशीपटल ही तफावत सांभाळते, आणि त्यातून थोडेसे कॅल्शियम आत-बाहेर झाले की स्नायू आकुंचन पावतो, मज्जातंतू संदेश सोडतो, ग्रंथी पाझरते. म्हणून कॅल्शियमच्या हालचालीला धक्का लावणारी कोणतीही गोष्ट जीवशास्त्राच्या दृष्टीने किरकोळ नसते. १९७५ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुझान बाविन, काच्मारेक आणि रॉस अॅडी यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूवर प्रयोग केले. मेंदूचे दोन अर्धगोल वेगळे करायचे, दोन्हींना किरणोत्सारी कॅल्शियम-४५ च्या द्रावात भिजवायचे, मग एकावर क्षीण विद्युतचुंबकीय लहरी सोडायच्या आणि दुसऱ्याला तसेच ठेवायचे. शेवटी भोवतीच्या द्रावात किती कॅल्शियम उतरले ते मोजायचे. १४७ मेगाहर्ट्झच्या लहरीची तीव्रता सेकंदाला १६ वेळा कमी-जास्त केली, तेव्हा कॅल्शियम सर्वांत जास्त बाहेर आले. त्याहून मंद किंवा त्याहून जलद चढउतारांना तेवढा प्रतिसाद नव्हता. पुढच्याच वर्षी बाविन आणि अॅडी यांनी निव्वळ क्षीण, मंद विद्युतक्षेत्रांचे निष्कर्ष छापले, आणि तिथे मात्र ६ व १६ हर्ट्झला कॅल्शियम बाहेर पडण्याचे प्रमाण उलट घटलेले दिसले. एकदा वाढ, एकदा घट, आणि तीही ठरावीक कंपनसंख्यांच्या अरुंद खिडकीतच. शंका येणे स्वाभाविक होते.

शंका आली आणि प्रयोगांची पुनरावृत्ती सुरू झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या उत्तर कॅरोलिनातील प्रयोगशाळेत कार्ल ब्लॅकमन यांना परिणाम दिसला. इतर काही प्रयोगशाळांना दिसला नाही. एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, अशा वेळी विज्ञानात सहसा दोनच शक्यता धरल्या जातात: पहिल्याची चूक किंवा दुसऱ्याची चूक. १९८५ साली ब्लॅकमन आणि सहकाऱ्यांनी तिसरी शक्यता मांडली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातले ते सर्वांत मोलाचे पाऊल होते. त्यांच्या उपकरणात पृथ्वीचे स्थानिक क्षेत्र ३८ मायक्रोटेस्ला होते. तिथे १५ आणि ४५ हर्ट्झचे संकेत परिणाम करत होते, १ आणि ३० हर्ट्झचे करत नव्हते. मग त्यांनी भोवती हेल्महोल्ट्झ कुंडले लावून ते स्थानिक क्षेत्रच बदलले. क्षेत्र निम्म्यावर, म्हणजे १९ वर आणताच १५ हर्ट्झचा परिणाम नाहीसा झाला. क्षेत्र दुप्पट, म्हणजे ७६ केल्यावर आजवर निष्प्रभ असलेला ३० हर्ट्झचा संकेत परिणाम करू लागला. २५.३ मायक्रोटेस्लालाही तेच झाले. आकडे मांडून पाहिले तर प्रमाण सरळ दिसते: परिणाम करणारी कंपनसंख्या स्थानिक क्षेत्राच्या पटीत सरकते. त्यांनी निष्कर्षात स्पष्ट सुचवले, की यापुढे असे प्रयोग करणाऱ्याने स्थानिक क्षेत्राचे मोजमाप दिलेच पाहिजे. पुढे १९९० मध्ये त्यांनीच दाखवले, की नुसते मोजमाप पुरत नाही. स्थिर क्षेत्र आणि बदलते क्षेत्र यांच्या दिशांमधला कोनही महत्त्वाचा ठरतो.

आता या सूचनेत नवल काय, असा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला पडायला हवा. कारण जागेचे क्षेत्र मोजणे आणि ते वहीत लिहिणे हे काम आपल्याकडे त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीच सुरू झाले होते. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, ती जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी आणि ग्रहताऱ्यांच्या वेधांसाठी. १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे चुंबकीय वेध सुरू झाले. तेव्हा जर्मनीत गाउस आणि हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने जगभर एकाच वेळी पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याची मोहीम सुरू होती, आणि कुलाबा तिचा भाग बनले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचे नावही या वेधशाळेशी जोडलेले आहे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते केरोपंत छत्र्यांचे. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला हा मुलगा मिसरूड फुटायच्या वयात ऑर्लेबार यांच्या हाताखाली लागला आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिला. पुढे ते पुण्याचे विख्यात गणिती झाले, टिळकांचे गुरू झाले, १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहून त्यांनी पंचांगाचे गणित नव्याने घातले. त्यांच्या घडणीची सुरुवात मात्र या कामात झाली: रेशमाच्या दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्याला लावलेला आरसा, समोर दुर्बीण, आणि दर ठरावीक वेळी त्या आरशात दिसणारा पट्टीवरचा आकडा टिपणे. रात्री, पावसाळ्यात, सणासुदीला. तो आकडा आज काय उपयोगाचा, हे टिपणाऱ्याला माहीत नव्हते. या कामाचे मोठेपण मला त्यातच दिसते.

त्या न माहीत असलेल्या उपयोगाचा दाखला २ सप्टेंबर १८५९ ला मिळाला. आदल्या दिवशी इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर एक लख्ख प्रकाश पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याच्या निरीक्षकांना चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकदम कोसळलेला दिसला. डोळ्याने टिपलेल्या त्या नोंदी वाचून भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अॅलेक्स यांनी त्सुरुतानी आणि गोन्झालेझ यांच्याबरोबर २००३ साली दाखवले, की ती घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला होती. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळाचा विषुववृत्ताजवळच्या अक्षांशांतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा मुंबईच्या वहीत सापडला. ते वादळ साऱ्या पृथ्वीचे होते. मुंबईपासून रेखांशाने साडेतीन अंशही दूर नसलेल्या अक्कलकोटवरही त्या सकाळी क्षेत्र असेच उतरले असणार. स्वामी समर्थ तेव्हा अक्कलकोटात होते, राजवाडा होता, गोठ्यांत जनावरे होती, आणि त्या सगळ्यांच्या शरीरात कॅल्शियमचे आयन पेशीपटलांमधून ये-जा करत होते. त्या जनावरांना काही झाले का, हे आपल्याला कळणार नाही, कारण अक्कलकोटात मोजणारे कुणी नव्हते. मुंबईत होते. परिणाम झाला असे म्हणण्याचा आधार त्यातून मिळत नाही आणि झाला नाही असे म्हणण्याचाही नाही.

कुलाब्याची खरी कसोटी मात्र शहराने घेतली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवण्याचे ठरले. ट्रामला एकदिश प्रवाह लागतो, तो तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. रुळांतून त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि मैलोन्मैल भटकतो. ट्राम सुटली, थांबली, चढण चढली की तो प्रवाह कमी-जास्त होणार आणि त्याबरोबर वेधशाळेतली सुई हलणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत हा पेच उभा राहिला. यावर जे झाले ते आजही शिकण्यासारखे आहे. ट्रामला विरोध करत बसण्यापेक्षा चुंबकीय वेधशाळाच हलवायचे ठरले, आणि जागा निवडली गेली ती खाडीपलीकडची, तीसेक किलोमीटर दूरची अलिबाग. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे ते मुख्य गाव, केरोपंतांच्या नागावजवळचे. तिथल्या इमारतीला भोवतालचा काळा पाषाण वापरला नाही, कारण तो स्वतःच चुंबकित. पोरबंदरचा दगड तपासून आणला. बिजागऱ्या, कड्या, खिळे लोखंडाऐवजी पितळ-तांब्याचे. एप्रिल १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू राहिले, म्हणजे एका जागेच्या आकड्यांची मालिका दुसऱ्या जागेच्या मालिकेला कशी जोडायची ते कळावे. विजेची पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ ला. सुई त्याआधीच सुरक्षित स्थळी पोचली होती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत छापल्या. जागा बदलली की आकडा बदलतो, आणि बदल किती ते आधी मोजावे लागते, हे तत्त्व त्या दोन वर्षांच्या जोडमोजणीत पुरेपूर उतरले आहे.

१९७५ ते १९८५ या दहा वर्षांत कॅल्शियमच्या प्रयोगांत हीच जोडमोजणी नव्हती. लॉस एंजेलिस आणि उत्तर कॅरोलिना यांच्यात मुंबई आणि अलिबागपेक्षा कितीतरी जास्त अंतर आहे. ऊती उबदार ठेवणारी कपाटे पोलादाची, त्यांत पंखे, तापक, विजेचे दिवे. २०१३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या पोर्तेली आणि बार्न्स यांच्या गटाने अशा कपाटांच्या आतले क्षेत्र मोजले, तेव्हा काही सेंटिमीटरच्या अंतरात ते दहा-वीसच काय, शेकडो मायक्रोटेस्लांनीही बदलताना दिसले. म्हणजे एकाच कपाटाच्या वरच्या फळीवरचा प्रयोग आणि खालच्या फळीवरचा प्रयोग हे ब्लॅकमन यांच्या नियमाप्रमाणे दोन वेगळ्या गावांतले प्रयोग ठरतात. माझा मुद्दा इतकाच: क्षेत्र न लिहिता मिळालेले यश आणि क्षेत्र न लिहिता आलेले अपयश, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

यावर भौतिकशास्त्रज्ञांचा आक्षेप कडक आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठाचे अब्राहम लिबॉफ यांनी १९८५ मध्येच सुचवले होते, की आयन चुंबकीय क्षेत्रात वर्तुळाकार फिरू पाहतो आणि त्याच्या फेऱ्यांची कंपनसंख्या बाहेरच्या संकेताशी जुळली की अनुस्पंदन होते. गणित करून पाहू. ३८ मायक्रोटेस्लाला पोटॅशियमची कंपनसंख्या सुमारे १५ हर्ट्झ येते, हे सुंदर जुळते. पण कॅल्शियमची येते सुमारे २९, आणि मेंदूतून मोजले जात होते ते कॅल्शियम. ३० हर्ट्झला तर काहीच घडत नव्हते. शिवाय शरीराच्या तापमानाला कॅल्शियमचा आयन सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने धडपडत असतो. एवढ्या वेगाने त्या क्षेत्रात त्याला मोकळे फिरू दिले तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या दोन मीटरच्या पुढे जाईल. पेशी असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, आणि पाण्यात त्या आयनाला सेकंदाला अब्जावधी वेळा टकरा बसतात. एक फेरी पुरी होण्याचा प्रश्नच येत नाही. येल विद्यापीठाचे रॉबर्ट अडेअर यांनी १९९१ मध्ये उष्णतेच्या या कल्लोळाचाच आधार घेऊन म्हटले, की इतक्या क्षीण क्षेत्रांचा परिणाम भौतिकीच्या नियमांत बसत नाही. त्याच वर्षी पुश्चिनोच्या लेद्नेव यांनी प्रथिनाला बांधलेल्या आयनाच्या कंपनांवर आधारलेली दुसरी उपपत्ती दिली. तिच्यावरही हेच आक्षेप आले. मला हे आक्षेप बरोबर वाटतात. लिबॉफ यांचे फिरते आयन हे स्पष्टीकरण टिकत नाही. पण स्पष्टीकरण पडले म्हणजे निरीक्षणही पडले, असे होत नाही. क्षीण क्षेत्र जीवाला जाणवूच शकत नाही, हे सरसकट विधान तर खोटेच ठरले आहे. १९७५ मध्येच ब्लेकमोर यांनी मॅग्नेटाइटच्या कणांची माळ बाळगणारे जिवाणू वर्णन केले, आणि रॉबिनसारखे पक्षी पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा ओळखून स्थलांतर करतात, हे विल्ट्श्को यांच्या प्रयोगांनी दाखवले आहे. त्यांच्यासाठी डोळ्यांतल्या प्रथिनांत जोडीने जन्मणाऱ्या मूलकांची यंत्रणा मांडली जाते; ती उष्णतेच्या आक्षेपात अडकत नाही. मेंदूच्या कॅल्शियमसाठी अशी यंत्रणा अजून कुणी पक्की केलेली नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. स्थानिक क्षेत्राचे कारण ही पळवाट तर नाही ना? कुणाला परिणाम दिसला नाही की म्हणायचे, तुमचे क्षेत्र वेगळे असेल. असे म्हणत राहिले तर सिद्धांत कधीच खोटा ठरणार नाही, आणि जो कधीच खोटा ठरू शकत नाही तो विज्ञानात बसत नाही. हा धोका खरा आहे. चुंबकी कडी, चुंबकी पट्टे, चुंबकित पाणी विकणाऱ्यांना अशा अस्पष्टतेत आयता निवारा मिळतो. त्या मालाला या प्रयोगांचा काडीचा आधार नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवे, कारण गुडघेदुखीने त्रासलेला माणूस त्यावर पैसे घालवतो. ब्लॅकमन यांनी मोजले ते पिल्लाच्या वेगळ्या काढलेल्या मेंदूतले, ठरावीक कंपनसंख्येचे, ठरावीक स्थिर क्षेत्रातले बदल. मनगटावरच्या स्थिर चुंबकाशी त्याचे नाते नाही. पण पळवाटेवरचा उपाय मोजणीच आहे. क्षेत्र प्रयोगानंतर सांगितले तर ती सबब होते. आधी सांगितले तर ते भाकीत होते, आणि भाकीत खोटे ठरवता येते.

कुणी असेही म्हणेल, की अलिबागची वेधशाळा एका नॅनोटेस्लाच्या आसपास मोजते, आणि या प्रयोगांत फरक पडतो तो दहा-वीस मायक्रोटेस्लांनी, म्हणजे त्याच्या हजारो पटींनी. मग इतकी काटेकोर परंपरा इथे काय कामाची? सूक्ष्मतेच्या दृष्टीने खरेच कामाची नाही. दररोज दुपारी सूर्यामुळे क्षेत्रात होणारी वाढ काही दशक नॅनोटेस्लांची असते, १८५९ चे ते प्रचंड वादळही १.६ मायक्रोटेस्लांचे होते, आणि पोलादी कपाट सहज त्याहून जास्त गोंधळ घालते. कामाची आहे ती सवय: वापरायच्या आधी जागा तपासणे, दगड तपासणे, बिजागरी तपासणे, जागा बदलली तर जुन्या-नव्या जागांचे मोजमाप काही काळ जोडीने चालवणे.

या दृष्टीने अक्कलकोटसारखी जागा विशेष उपयोगी ठरते. तिथे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे आणि ते जमिनीशी पंचवीसेक अंशांचाच कोन करते. उत्तर कॅरोलिनात हा कोन साठ अंशांहून बराच अधिक. ब्लॅकमन यांचे प्रमाण खरे असेल, तर ३८ ला १५ हर्ट्झ असलेला परिणाम अक्कलकोटला १७ हर्ट्झवर सरकला पाहिजे, आणि ४५ चा ५१ वर. तिथे १५ हर्ट्झला परिणाम दिसला आणि १७ ला नाही दिसला, तर तो नियम कोसळतो. ५१ हा आकडा आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या शेजारी येतो. यावरून घरातल्या विजेने मेंदूवर काही होते असा निष्कर्ष काढणे साफ चूक. पण ज्या प्रदेशात घरोघरी ५० हर्ट्झ आहे आणि क्षेत्र ४३ च्या आसपास आहे, तिथे हा प्रयोग करण्याला अमेरिकेपेक्षा जास्त कारण आहे. सोपे मात्र नाही. अक्कलकोट रोड स्थानकावरून जाणारा सोलापूर–वाडी लोहमार्ग आता विजेवर चालतो, तेव्हा जागा रुळांपासून दूर शोधावी लागेल. नव्या राजवाड्यातल्या शस्त्रागारासारख्या लोखंडाच्या साठ्याच्या आसपासही ती चालणार नाही. काळ्या दगडाचे बांधकाम टाळावे लागेल, लाकूड आणि पितळ वापरावे लागेल, पोलादी कपाटाऐवजी पाण्याच्या टाकीने ऊब द्यावी लागेल. पिल्लाच्या मेंदूचे दोन अर्धगोल द्रावात ठेवण्याआधी ते जिथे ठेवायचे त्या जागेवर चुंबकमापक चार बाजूंनी फिरवावा लागेल, सकाळी आणि दुपारी, आणि दिशा व तीव्रता वहीच्या पहिल्या पानावर, कोणती कंपनसंख्या परिणाम करेल या भाकिताच्या शेजारी, तारीख घालून लिहावी लागेल.